पाण्यात उतरायचे कपडे

३१ ऑगस्ट, रविवार. रात्री.

विसर्जन उत्तम झालं. माझ्यामुळे. पाच दिवसांचा गणपती ही मंडळी बादलीत बुडवणार होती. मकरंद म्हणाला, बाबा, इथे ऑकलंडमध्ये सगळे घरीच करतात, मग माती बागेत घालतात. सूनबाई गार्गी म्हणाली, हो बाबा. तिचे वडील रमणराव म्हणाले, बादली उत्तम. ते बादली म्हणाले त्याच क्षणी मी समुद्र ठरवला. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं आहे. पाण्याचं मला कुणी शिकवू नये.

ब्लॉकहाउस बे या किनाऱ्यावर मूर्ती घेऊन मीच उतरलो. इथे ऑगस्टात हिवाळा, पाणी इतकं गार की दातखीळ बसली. शेवटची आरती मनातल्या मनात म्हटली. रमणराव काठावर टॉवेल धरून उभे. टॉवेल धरायला अक्कल लागत नाही. मंडळींनी निर्माल्य पाण्यात टाकू दिलं नाही, मी काढलेली हार-फुलं तशीच पिशवीत कोंबून परत आणली. आता सुमती मागच्या अंगणात बसून एकेक फूल निवडते आहे. चाळीस वर्षं झाली, या बाईला घाई म्हणून ठाऊक नाही.

झोपायला जाताना गार्गीनं विचारलं, बाबा, सोन्याची दूर्वा काढून ठेवलीत ना? म्हटलं, अर्थात. माझ्या बॅगेत आहे, कुलपात.

काढल्याचं आठवत नाही. बॅगेत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार.

कोटाच्या खिशात नाही. चपलेत नाही. म्हणजे मूर्तीबरोबर गेली. मातीची मूर्ती विरघळते, सोनं विरघळत नाही. तिथेच असणार. हे साधं इंजिनिअरिंग आहे.

ही दूर्वांची जुडी रमणरावांच्या बायकोची. मैत्रेयीच्या पहिल्या गणपतीला स्नेहलताबाईंनी हातातल्या बांगड्या मोडून नातीसाठी करवून घेतली. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. विहीणबाई म्हणून त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. मला न विचारता दुसरा चहा द्यायच्या. त्या असत्या तर त्यांना मी सांगितलं असतं. या घरात सांगण्यासारखं कोण आहे? एकदा कळलं की पुढच्या वर्षी पूजेला रमणराव बसणार आणि गणपती बादलीत जाणार. ते मी जिवंतपणी होऊ देणार नाही.

सुमतीनं विचारलं, अहो, काही सांगायचंय का? म्हटलं, नाही. ती दक्षिण बेटाच्या ट्रिपबद्दल विचारत असावी.

२ सप्टेंबर, मंगळवार.

शेजारचा ग्रॅहम मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर नाणी शोधत फिरतो. त्याच्याकडून यंत्र मागून आणलं. घरी सांगितलं, छंद. रमणराव म्हणाले, वा, छान छंद. त्यांच्या वा-छानमध्ये विष असतं.

ग्रॅहम म्हणाला, वेटसूट हवा, अंगाला चिकटणारा, पाच मिलीमीटर जाड रबराचा, पाणी अजून फ्रीझिंग आहे. म्हटलं, आम्ही पानशेतच्या पाण्यात डिसेंबरात उतरलोय. (जीपनं. पण उतरलोय.) माझी योजना: आत पुण्याहून आणलेलं थर्मल, त्यावर सुमतीनं विणलेला स्वेटर, त्यावर मकरंदची रेनपँट, पायात दोन मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर गमबूट, डोक्याला माकडटोपी. थंडी ही मनाची दुर्बलता आहे.

संध्याकाळी.

लोकर पाणी पिते. हे सुमतीनं विणताना सांगायला हवं होतं. स्वेटर गुडघ्यापर्यंत आला. डावा गमबूट चिखलात राहिला. मी बसनं एका बुटावर आलो. ड्रायव्हर म्हणाला, किया ओरा (इथला नमस्कार), यू ओके मेट? या देशात कुणीही कुणाचीही चौकशी करतो.

सापडलं: काही नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार.

मकरंद मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेला. विक्रीला उभा असलेला पोरगा जँडल्समध्ये, म्हणजे नुसत्या रबरी सपातांत. जो स्वतः हिवाळ्यात जँडल्स घालतो त्यानं मला उबेबद्दल सांगावं. तो म्हणाला, वेटसूटमध्ये थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उष्णतेनं गरम होतं, तेच तुम्हाला गरम ठेवतं, हीप्स ऑफ पीपल, म्हणजे ढीगभर लोक, वापरतात. म्हटलं, म्हणजे गळका कपडा. आमच्या खात्यात असं कालव्याचं काम कुणी केलं असतं तर सस्पेंड झाला असता. तो ठीक आहे अशा अर्थी म्हणाला, स्वीट अ‍ॅज. मकरंद बाहेर जाऊन फोनवर बोलू लागला. याला बापाची लाज वाटते.

मी पूर्णपणे कोरडा पर्याय निवडला. ग्रॅहमकडे मासेमारीची छातीपर्यंत येणारी रबरी विजार आहे. खांद्याला पट्टे, खाली बूट जोडलेले. पाणी आत येणारच नाही. उद्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार.

वाकलो तर पाणी आत येतं. आत आलेलं बाहेर जात नाही. पोटापर्यंत समुद्र भरला, मी बाहेर आणि समुद्र आत असं उलटं धरण झालं. चालता येईना. एक म्हातारी कुत्रा सोडून धावत आली आणि पट्टे काढून मला पालथं घातलं. एवढ्या जोरात पालथं घालायची गरज नव्हती.

ग्रॅहमला सांगितलं, तुझ्या विजारीत डिझाइनचा दोष आहे. तो हसला. परक्या मुलखात माणूस किती सहन करतो याला मर्यादा नाही.

रात्री ताप. सुमतीनं सुंठ दिली आणि परत विचारलं, काही सांगायचंय का? म्हटलं, सुंठ जास्त झाली.

गार्गी दूर्वेबद्दल पुन्हा एका शब्दानं बोललेली नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे. मुलीला आई चांगली होती, म्हणून.

७ सप्टेंबर, रविवार.

इथे बापाचा दिवस सप्टेंबरात असतो. सकाळी रमणरावांना स्लिपर मिळाल्या. मला मोठं खोकं. आत वेटसूट! पाच मिलीमीटर. मकरंद म्हणाला, बाबा, तुम्ही आजारी पडू नका, रोज जाता आलं पाहिजे. डोळ्यांत पाणी आलं. मुलगा शेवटी मुलगा असतो. रमणराव मान डोलावत होते, जळत असणार.

उद्यापासून पितृपंधरवडा, नवीन वस्त्र चालत नाही, म्हणून आजच घातला. घातला म्हणजे मांडीपर्यंत. मैत्रेयी म्हणाली, आजोबा, यू पुट इट ऑन बॅकवर्ड्‌स. आठ वर्षांच्या पोरीला मराठी कळतं पण बोलायचं नाही. बोलायचं ते उणं, तेवढं इंग्रजीत.

चेन पाठीवर असते. तिला लांब दोरी. ज्यानं हे बनवलं त्याच्या घरी नोकर असणार.

९ सप्टेंबर, मंगळवार.

दाराच्या मुठीला दोरी अडकवून खाली बसलो. चेन वर आली. दारही आलं. मकरंदला बिजागरीबद्दल अजून सांगितलेलं नाही.

सूटमध्ये पाणी शिरलं तेव्हा किंचाळलो. मग थोड्या वेळानं गरम वाटू लागलं. हे त्या जँडल्सवाल्या पोरामुळे नाही, माझी प्रकृतीच उष्ण आहे.

अंगातून निघेना. रमणराव गाडी घेऊन न्यायला आले होते, त्यांना कुणी बोलावलं होतं कळत नाही. पार्किंगमध्ये मी गाडीच्या डिकीत बसलो आणि त्यांनी दोन्ही पाय धरून ओढलं. ते रोज स्विमिंग पूलमध्ये पोहतात, म्हणून हातात जोर आहे, बाकी कशात नाही. तीनदा ओढल्यावर मी निघालो, आतल्या पायजम्यासकट. चार पोरं बघत होती. रमणराव म्हणाले, पुढच्या वेळी आत पायजमा घालू नका, टॉग्ज घाला, पोहायची चड्डी. आणि तोच टॉवेल पुढे केला.

निश्चय: या माणसाची मदत पुन्हा घ्यायची नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार.

बोटं गारठून यंत्राचं बटण दाबता येत नाही. जेवताना नुसतं बोललो, तर लगेच गार्गीनं रबरी हातमोजे मागवले. मोज्यांसारखे बूटही. मकरंद म्हणाला, हुडपण घ्या बाबा, डोक्यातून उष्णता जाते. घरात माझा मान वाढला आहे. गार्गी आता डबा देते, थर्मासमध्ये चहा. म्हणाली, बाबा, सावकाश या, घाई करू नका. अशी सून मिळायला भाग्य लागतं. तिच्या वडिलांवर ती अजिबात गेलेली नाही.

हुड घातला की काही ऐकू येत नाही. यंत्राचा आवाजही येत नाही. म्हणून हुडाला कानापाशी भोकं पाडली. आता त्यातून पाणी येतं. दुकानदारांनी याचा विचार करायला हवा होता.

सापडलं: कॅनची झाकणं, एक चमचा, माझा डावा गमबूट.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

सुमती आता विचारत नाही. बरं झालं.

आज ओहोटीला कमरेपर्यंत गेलो. यंत्र जोरात वाजलं. हात घातला, काहीतरी लागलं, बारीक, पात्यासारखं. वर काढलं तर मासे पकडायचा गळ. मी तिथेच पाण्यात उभा राहिलो. पाच मिलीमीटरच्या आत मला स्नेहलताबाईंच्या मोकळ्या हातांची आठवण झाली. बांगड्या मोडल्यावर त्यांनी हातात काचेच्या भरल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, याच जास्त वाजतात. मला फार वाईट वाटलं. दोष मात्र माझा नाही. बादली म्हटलं नसतं तर मी समुद्र म्हटलं नसतं.

२८ सप्टेंबर, रविवार.

इथे उन्हाळ्याआधी घड्याळ एक तास पुढे करतात, तसं केलं. मकरंद सकाळीच खुशीत म्हणाला, बाबा, आता उजेड जास्त, तुम्हाला संध्याकाळी आणखी एक तास मिळेल. रमणराव म्हणाले, वा, छान. घरातल्या सर्वांना माझ्या छंदाचं कौतुक आहे. शत्रूलाही मान्य करावं लागलं.

ठरवलं: दसऱ्यापर्यंत दूर्वा सापडेल. न सापडल्यास सँडरिंगहॅमच्या सोनाराकडून तशीच करवून घ्यायची. एकवीस पाती होती की अकरा, हे सुमतीला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, एकवीस. आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. दुपारी.

सकाळी गार्गीनं देवापुढे शस्त्रपूजा मांडली. मकरंदचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, मैत्रेयीची कंपासपेटी. मध्यभागी ग्रॅहमचं यंत्र, धुऊन पुसून, हळदकुंकू लावून. त्याच्या शेजारी घडी केलेला माझा वेटसूट, वर झेंडूचं फूल. मला भरून आलं. हात जोडून वाकलो.

फुलाखाली सोन्याची दूर्वा होती.

मग सुमती बोलली. त्या दिवशीच निर्माल्यात सापडली, तुम्हीच काढलेल्या ओल्या दूर्वांच्या जुडीत. म्हणाली, दोनदा विचारलं, तुम्ही सांगितलं नाहीत, मग म्हटलं बघू किती दिवस सांगत नाही. म्हटलं, आणि बाकीच्यांना? ती म्हणाली, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मकरंद जमिनीकडे बघत होता. म्हटलं, मग मला थंड पाण्यात कशाला जाऊ दिलंत? तेव्हा मैत्रेयी म्हणाली, बिकॉज इट्‌स हीप्स क्वायटर, आजोबा. तिला गार्गीनं आत नेलं.

रमणरावांनी बागेतलं कसलंसं पान माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, सोनं घ्या.

यापुढे समुद्राचं तोंड बघणार नाही, असं जेवताना जाहीर केलं. श्रीखंडाच्या वाट्यांत चमचे थांबले. गार्गी अगदी हळू म्हणाली, मग बाबा, संध्याकाळी तुम्ही घरीच का? मकरंदनं सुमतीकडे पाहिलं. सुमतीनं रमणरावांकडे. मी पुरी मागितली. दोघांनी एकदम वाढली.

संध्याकाळी.

चार वाजता दारापाशी डबा आणि थर्मास भरून ठेवलेला होता. कुणी ठेवला ते विचारलं नाही. सूट घातला, आत पायजमा नाही. दोरी अडकवायला मूठ शोधली, पण ते दार मकरंदनं दुरुस्तीला नेलं आहे. रमणराव पेपर वाचत होते. मीच म्हटलं, जरा चेन लावता का?

ते उठले. लावताना त्यांना काहीतरी सांगावं असं मनात आलं. पण चेन मानेपर्यंत आली की बोलायला फार त्रास होतो.