फळा भरला

४ जानेवारी
नोकरी लागली! हेलिकॉप्टर चालवायला शिकवतात तिथल्या शेडमध्ये. झाडणं, पुसणं, मिस्त्रींच्या हातात हत्यारं देणं. आईला फोन केला, तर म्हणाली, आता तरी एका जागी बूड टेकव.
भिंतीवर मोठा फळा आहे. प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगात काढलेली, त्या आकृतीवरच ते टांगायचं. एक जरी जागा रिकामी दिसली तरी हेलिकॉप्टर हलत नाही, कारण हत्यार आत राहिलं तर घात. मिस्त्री म्हणाले, पाना हरवलास तर त्या जागी तुलाच टांगीन. सगळे हसले. मीपण.

११ जानेवारी
शिकणाऱ्यांत एक मुलगी आहे. मला दादा म्हणते. घरी एवढा मान कुणी दिला नाही. उडायच्या आधी रोज विचारते, दादा, फळा भरला? भरला म्हटलं की अंगठा दाखवून जाते.

१९ जानेवारी
संध्याकाळी दहा नंबरचा पाना सापडेना. दुपारी हेलिकॉप्टरच्या आतलं तेल पुसायला मीच वाकलो होतो, तेव्हा माझ्याच हातात होता. मिस्त्रींना सांगायची छाती झाली नाही. जुन्या गॅरेजमधून आणलेला माझा पाना त्या जागी टांगला. हुबेहूब बसला. उद्या शोधू.

२० जानेवारी
सकाळी शोधायच्या आतच तिने विचारलं. मी म्हटलं, भरला.
हेलिकॉप्टर टेकडीमागे पडलं. ती आणि शिकवणारे सर. दोघंही गेले.

२७ जानेवारी
चौकशीवाले म्हणतात, हेलिकॉप्टर वळवायच्या दांड्यांमध्ये पाना अडकला होता. मिस्त्रींनी फळा दाखवला, सगळा भरलेला. मग साहेब म्हणाले, म्हणजे तुम्ही घरचा पाना वापरलात. मिस्त्रींना काढून टाकलं. जाताना माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, जपून राहा रे. मी त्यांची पिशवी फाटकापर्यंत नेऊन दिली.

३० जानेवारी
माझा पाना रोज सकाळी जमिनीवर. तारेनं बांधला, तरी. उचलला तर गरम. जळक्या तेलाचा वास.

२ फेब्रुवारी
भर दुपार. शेडमध्ये मी एकटा. दादा, फळा भरला? तिचाच आवाज.
भरला, असं बोलून गेलो— सवयीनं.

३ फेब्रुवारी
उद्या मिस्त्रींकडे जातो. पाय धरतो. सगळं सांगतो.

४ फेब्रुवारी
त्यांच्या दारापर्यंत गेलो. कडी वाजवली नाही. शेडवर परतलो.
फळ्यावर नवी लाल आकृती. ओली. डोकं, खांदे, हात— पाठ टेकवून पाहिली. तंतोतंत.
पाठ सुटत नाही. वही हातात, कशीबशी—
ती समोर. विचारतेय.
आता खोटं नाही, ताई— आता फळा खरंच भर—