बाबांच्या चरित्रातल्या दुरुस्त्या

१४ जानेवारी १९४५, रविवार
कालच्या नोंदीत चूक झाली. बाबांनी रशियातली ती नदी दोनदा जिंकली, असं मी लिहिलं. ती त्यांनी दोनदा ओलांडली. दुसऱ्यांदा परत येताना.
चूक कबूल करायला बाबांनीच शिकवलं. शाळेत मी गेलेच नाही. शुद्धलेखन, नकाशा, पहाटे पाचला उठणं, सगळं बाबांकडून, म्हणजे जनरल फॉन राडेहोफ यांच्याकडून. वर्षभर सैन्याने त्यांना राखीव ठेवलंय. उत्तम वस्तू राखीवच ठेवतात. बोलावणं येईपर्यंत चरित्र पूर्ण करायचं.

१६ जानेवारी
रेडिओ म्हणतो, आघाडी सरळ केली. भिंतीवरच्या नकाशात आघाडीच्या टाचण्या लावल्या. त्या ओडर नदीकडे, म्हणजे आमच्याकडे येताहेत. बाबा म्हणाले, टाचण्या चुकीच्या लागल्यात, दोन बोटं मागे घे. घेतल्या. बरं वाटलं.

१८ जानेवारी
स्वयंपाकीणबाई फ्राउ माटुशेक म्हणाली, पोरी, तोफा ऐकू येताहेत, आता टाचण्यांना विचारत बसणार का? तिच्या भावाची घोडागाडी शनिवारी सकाळी निघतेय. माझ्यासाठी जागा धरलीय. बाबांना विचारलं. म्हणाले, जनरल सगळ्यांत शेवटी निघतो, त्याची मुलगी त्याच्या आदल्या दिवशी. हे चरित्रात घातलं.
शिवाय परमिटशिवाय गाव सोडायला बंदी आहे. अर्ज दिला. कारकुनाने विचारलं, कशासाठी. प्रवास, असं लिहिलं. पळून जाणं, असं लिहिलं नाही, कारण ते खरं नव्हतं.

१९ जानेवारी
प्रकरण सात: 'व्यापलेल्या गावांत बाबांनी शिस्त आणली.' फ्राउ माटुशेकने वाचलं. तिचा भाचा बाबांच्या सैन्यात तिथे होता. म्हणाली, शिस्त आणायला गाव शिल्लक ठेवलं होतं का, ते विचार बापाला. विचारलं. बाबा म्हणाले, सूप गार झालंय.
ओळीसमोर लिहिलं: पडताळणी बाकी. झोप नाही.

२० जानेवारी, शनिवार
परमिट आलं नाही. फ्राउ माटुशेक फाटकात पाऊण तास थांबली. घोडे गारठले. शेवटी म्हणाली, कागदाच्या मागे मरशील ग, आणि मला पावाच्या दोन लाद्या आणि डुकराच्या चरबीचा डबा देऊन गेली. परमिट सोमवारी नक्की येईल.

२२ जानेवारी, सोमवार
परमिट ऑफिस बंद. दाराला कुलूप. लवकर येणार असतील, म्हणून दुपारपर्यंत उभी राहिले. माझ्यामागे रांगही नव्हती. मला शिस्त आवडते.

२३ जानेवारी, मंगळवार
सकाळी बाबांची खोली रिकामी. गाडी नाही. पदकं नाहीत. नकाशा आहे. चिठ्ठी: महत्त्वाच्या कामासाठी पश्चिमेकडे जातोय. घर सोडू नकोस. टाचण्या सांभाळ.
बोलावणं आलं असणार. पोस्टमन पाच दिवस आलेला नाही, तरी आलं असणार. परमिट त्यांनाही लागलं असेल. विचारायला हवं होतं.
टाचण्यांना नकाशावर जागा उरली नाही. शेवटची आमच्या स्वयंपाकघरात लागते.

रात्री
चरित्र पहिल्यापासून वाचलं. नदी, गावं, आता ही अठरा तारखेची नोंद. दुरुस्ती: जनरल सगळ्यांत शेवटी निघत नाही. 'पडताळणी बाकी' खोडलं. त्या जागी लिहिलं: गाव शिल्लक नव्हतं.
उद्या बुधवार. स्वच्छ प्रत काढायला पूर्ण दिवस लागेल, आणि खाडाखोड असलेला कागद मी बरोबर नेणार नाही. सूटकेस भरलेली आहे. गुरुवार, २५ जानेवारी, सकाळी सात वाजता, परमिटशिवाय, मी निघणार.