मामाचा अळीपळव्या डबा

आई-बाबा,

माझी मैत्रीण महेजबीन म्हणे, हिंमत असन तर घरी विचार : भागवतमामा विकते त्या डब्याले बोंडअळी भेते, का तुम्हीच मामाले भेता?

मामा म्हणते, डब्याचा आवाज फक्त अळीलेच ऐकू येते, माणसाले नाही! असा बारीक आवाज मोठा करणारं सर्किट मी ऑप-अँपच्या चिपवर बनवलं. जुन्या मशिदीतल्या वटवाघळांपुढं त्याच्या मीटरचा काटा नाचला. मामाच्या डब्यापुढं ढिम्म. डबा खोलला तर आत फक्त लाल लाइट अन् सेल. सहावीतलं पोट्टंही याच्याहून बरं बनवते.

आई, तुझा भाऊ हाय म्हणून बीटीलेही न जुमानणाऱ्या अळीले कपाशी खाऊ घालायची काय? अन् बाबा उद्या पारावर साऱ्या गावाले हेच डबे घ्या म्हणणार!

डबा मी शाळेत घेऊन चालली. उद्या बाबा बोलायच्या आधी मीच तो पारावर सर्वांसमोर खोलणार हाय, मामा तिथं बसला असला तरी.

कांचन