निरोगी माणूस म्हणून मीच

४ मार्च
रोजनिशी सुरू. कुणाला दाखवायची नाही.
तीन वर्षांचा प्रश्न एका ओळीत: जंतू मारायला पांढऱ्या पेशी जे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, सोडतात, तेच धमनीच्या भिंतीला सूज आणतं का? हृदयरोग्यांचं रक्त आलंय. तुलनेला निरोगी माणूस हवा. लॅबभर नजर फिरवली. माझ्याइतका ठणठणीत कुणी नाही. टेक्निशियनबाई म्हणाल्या, आधी तुमची तपासणी करून घेऊ. बावन्नाव्या वर्षी चष्मा नाही, आणखी काय तपासायचं? बाही वर केली.

६ मार्च
प्लेटवर रंग आला. जितका पिवळा, तितकं पेप्टाइड जास्त. रुग्ण पिवळे. मी पिवळाधमक.
तपासणीचं किट खराब आहे. कंपनीला खरमरीत मेल.

९ मार्च
नवं किट. मी आणखी पिवळा. टेक्निशियनबाईंना सौम्यपणे सांगितलं, तुमचा हात थरथरतो. त्या म्हणाल्या, फक्त तुमच्याच नमुन्याला कसा थरथरतो, सर? उद्धट बाई.
बायकोला सांगितलं तर म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं.

१० मार्च
लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड शेवटपर्यंत वाचला. छातीत जळजळ. ॲसिडिटी.

११ मार्च, सकाळी ६
सापडलं! पेप्टाइड जास्त म्हणजे प्रतिकारशक्ती जास्त. मी सामान्य निरोगी नाही, अतिनिरोगी आहे. वेगळा पेपर होईल. शीर्षक तयार.

११ मार्च, दुपारी
विभागप्रमुखांना सांगितलं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण खुर्ची त्यांची. म्हणाले, एक तर तुम्ही आजारी आहात, नाहीतर तुमचा प्रयोग चुकलाय. शुक्रवारपर्यंत ठरवा, नाहीतर काम बंद.
प्रयोग चुकलेला नाही. मी आजारी नाही. डेस्कपाशी बसवेना. कॉरिडॉरमध्ये चौदा फेऱ्या. दोन्ही वाचवायचा मार्ग निघेलच.

१२ मार्च
उद्यापासून रोज पाच किलोमीटर.

१३ मार्च
कोपऱ्यापर्यंत गेलो. बूट चावतात. डावा खांदाही दुखतोय, बहुतेक बुटांमुळेच चाल बिघडली. बायको म्हणाली, डॉक्टरांकडे चला. म्हटलं, शुक्रवारनंतर.

१४ मार्च
शुक्रवार. विभागप्रमुखांच्या दारातच घाम फुटला. खुर्ची त्यांनीच पुढे केली. पुढचं नीट आठवत नाही.

१६ मार्च
हॉस्पिटल. हृदयाच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: दोन धमन्या जवळजवळ बंद. उद्या ऑपरेशन. मी विचारलं, म्हणजे प्रयोग बरोबर होता ना? ते म्हणाले, कुठला प्रयोग? पडून राहा.
बायकोला म्हटलं, बघ, शोध खरा निघाला. ती हसेल असं वाटलं होतं. तिने माझा हात धरला आणि तोंड फिरवून रडली.
माझं बरोबर होतं. फार भीती वाटतेय.