माझ्या नावाचा पुरस्कार नको

मी, चंद्रावती कमळाकर घरत, वय ६७, अविवाहित, राहणार करंजाडे, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पाय चालत नाही, डोके चालते.

१. राहती सदनिका व बँकेतील ठेव माझी भाची समीक्षा हिला द्यावी. दहा वर्षे तिने मला जिना चढवला-उतरवला. माझ्या भावाचा मुलगा धनेश याला काही नाही. "आत्या हॉकी खेलायची, पन गोल एक नाय केला," असे त्याने माझ्यादेखत पाहुण्यांना सांगितले. खरे आहे. मी बचावात होते.

२. टपाल खात्यातली नोकरीच मला हॉकी खेळण्यासाठी मिळाली होती. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला की आमच्या गोलातून पहिली मी सुटायचे, थेट मारणारीच्या अंगावर. १९८४ च्या अंतिम सामन्यात आम्ही एका गोलाने पुढे होतो. शेवटच्या मिनिटाचा फटका मी गुडघ्यावर घेतला. वाटी फुटली, सामना जिंकला. वैयक्तिक बक्षीस एकच होते. ते आशालता म्हात्रेला गेले, कारण गोल तिचा. पाठोपाठ आमच्याच खात्यात तिला बढती. मी पुन्हा मैदानात उतरले नाही. निवृत्त होईपर्यंत टपालावर शिक्के मारले. आशालता माझ्याच गावची, माझी मैत्रीण. इस्पितळात ती एकदाही आली नाही.

३. बचाव करणारीलाही बक्षीस असावे, असे १९९१ साली मी हॉकी संघटनेला लिहिले. उत्तर आले : "वैयक्तिक बक्षिसे वाढवल्यास संघभावनेस बाधा येते." खाली समिती सदस्य म्हणून आशालताची सही. ते पत्र कपाटात आहे. समीक्षाने ते जपावे.

४. गेल्या महिन्यात आशालता घरी आली. आता ती नव्या व्यावसायिक लीगची सल्लागार आहे. लीग खेळाडूंसाठी सहा नवे पुरस्कार सुरू करणार. बचावाचा पुरस्कार माझ्या नावाने. तिने संमतीचा कागद पुढे केला.

"चंद्रे, आता तरी घे."

"तवा तूच नाय म्हनालीस. सही हाय तुजी."

"तवा सगलीच तसा म्हनायची."

"सगल्यांचा गुडगा नाय फुटला."

कागद सहीविनाच परत गेला. माझ्या पश्चात कोणीही त्यावर सही करू नये.

पुरस्कार मात्र जरूर सुरू करावा. खेळणारीला, सामन्याच्या त्याच संध्याकाळी द्यावा. ती इस्पितळात असेल तर देणाऱ्याने तिथे जावे. माझ्या नावाने कोणी आपली जुनी सही धुऊ नये.

५. माझ्या अंत्यविधीला आशालता आल्यास तिला बसायला खुर्ची द्यावी. रडली तर रडू द्यावे. भाषण करू देऊ नये.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

चंद्रावती कमळाकर घरत

साक्षीदार :
१. डॉ. नीता देवेश कर्णिक (लिहून देणारीस आज तपासले, मन स्थिर आहे.)
२. शैलेश गणू भोईर, शेजारी

स्थळ : पनवेल
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५