नकारास सक्त मनाई

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मला डिस्पॅचमधून काढून कल्पना विभागाचा प्रमुख केलं. विभाग नवीन आहे. त्यात मी आहे. गेल्या महिन्यात ट्रकभर माल भलत्याच गावी गेला त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं मालक स्वतःहून दोनदा म्हणाले.
आमची कंपनी कपडे वाळत घालायचे चिमटे करते. आधी लाकडी होते, मग प्लास्टिकचे झाले, एवढीच काय ती क्रांती. मालक म्हणाले, पावसाळ्यापर्यंत एक तरी नवीन, चालणारी वस्तू काढून दाखव, नाहीतर विभाग बंद. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, पंख्याकडे बघत होते. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, पगार तोच का? हिचं नेहमी असंच. आनंदात मिठाचा खडा.

९ जानेवारी
हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचं शिबिर. धंद्यात नवीन कल्पना कशा सुचतात आणि त्या कशा वाढवायच्या. सर फारच तरतरीत. सकाळच्या सत्रात डोळे उघडले. कल्पनेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ‘नाही’. कुणी काही सुचवलं की ‘नाही’, ‘पण’, ‘आधी करून झालंय’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ‘हो, आणि...’ असं म्हणून पुढे भर घालायची.
अंगावर काटा आला. जन्मभर लोक मला नाही म्हणत आले म्हणूनच मी मागे पडलो. आज निदान झालं.
जेवण उत्तम. दुपारचं सत्रही उत्तमच असावं. एसी थेट डोक्यावर होता. जाग आली तेव्हा सर्टिफिकेट वाटत होते.

१० जानेवारी
विभागाला खोली मिळाली. इथे पूर्वी बाद चिमट्यांची पोती ठेवायचे. पोती अजून आहेत. त्यांच्यावरच बसायचं. मोठ्या कंपन्यांत म्हणे लोक असल्याच पिशव्यांवर बसून विचार करतात. टोचतं, पण सुचेल. (‘पण’ खोडणे.)
दारावर पाटी लावली: येथे नकारास सक्त मनाई आहे.
घरीही आजपासून हाच नियम. हिने विचारलं, म्हणजे गॅस संपला तर सांगायचं नाही? मी समजावलं, सांगायचं की. हो, आणि गॅस संपलाय. ही हसली. आमची लेक छोटी तर इतकी हसली की तिला ठसका लागला. घरात नवं वारं आलं.
संकल्प: रोज सकाळी दहा कल्पना.

११ जानेवारी
आज शून्य. उद्या वीस.

१७ जानेवारी
पहिली मीटिंग. हजर: मोल्डिंगचा हेड, अकाउंट्सच्या बाई, सेल्सवाला. तिघांनाही मालकांनी पिटाळलेलं दिसत होतं. मोल्डिंगचा हेड बसल्या बसल्या म्हणाला, नाही पण साहेब... मी पाटीकडे बोट दाखवलं. मग अर्धा तास कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी सेल्सवाल्याने विचारलं, चहा सांगायचा का? बाई म्हणाल्या, हो, आणि बिस्किटं. नियम अंगवळणी पडायला लागला आहे.

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
सुचलं!!
काल हिची ड्यूटी उशिरापर्यंत होती. वाळत घातलेले कपडे मी काढले, घड्या घालून कपाटात ठेवले. कोण नवरा करतो एवढं? आज कपाट उघडलं तर कुबट वास. सगळे ओले. छोटीचा युनिफॉर्मही. हिने विचारलं, हात लावून बघितला नाहीस का? आता यात माझी काय चूक? चिमटा दिवसभर कपडा धरून बसलेला असतो. त्याला माहीत असतं. त्याने सांगायला नको?
रंग बदलणारा चिमटा! कपडा ओला असेपर्यंत निळा, वाळला की पांढरा. नाव: सांगता चिमटा.
हिला सांगितलं. हिने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, हो, आणि ज्यांना कपड्याला हात लावता येत नाही त्यांची फारच सोय होईल. ग्राहकवर्ग आयता सापडला.

११ फेब्रुवारी
मीटिंग. अपूर्व. मोल्डिंगचा हेड: हो, आणि असला रंग पाण्यात उतरतो. अकाउंट्सच्या बाई: हो, आणि आपल्या डझनभर साध्या चिमट्यांच्या भावात हा एक पडेल. सेल्सवाला: हो, आणि दुकानदार मला दारातही उभा करणार नाहीत.
एवढा उत्साह या कंपनीत मी कधी पाहिला नव्हता. तिन्ही सूचना फळ्यावर लिहिल्या. विरोध: शून्य.
एक निरीक्षण. पूर्वी कुणी मोडता घातला की छातीत काहीतरी आवळायचं. आता तसं होत नाही. खरं तर कशानेच काही होत नाही. जेवण चांगलं लागत नाही, वाईटही लागत नाही. मन मोकळं झालं की असंच रिकामं वाटत असणार. शिबिराचे पैसे वसूल.

६ मार्च
मालकांना नमुना दाखवला. पाण्यात बुडवला, निळा झाला. खिडकीत ठेवला. मालक जेवायला गेले आणि विसरले. मी आठवण करून दिली. पांढरा झाला होता. मालक म्हणाले, बरं. मशीन मोकळं असेल तेव्हा काढा थोडे.
‘बरं’ हा त्यांच्या तोंडून फार मोठा शब्द आहे.

२२ मार्च
ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आज जेवताना म्हणाली, बढतीची जागा निघाली आहे. लॅबप्रमुख. मात्र दुसऱ्या गावी, नव्या शाखेत. रात्रभराचा प्रवास. ताटातलं ताटात फिरवत सांगत होती. म्हणाली, अर्ज करावा का, कळत नाही. तुला काय वाटतं?
पूर्वीचा मी असतो तर भडकलो असतो. आज शांतपणे म्हटलं, हो, आणि छोटीलाही घेऊन जा. नवी शाळा, नवी हवा.
ही माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी. मग ताट उचलून आत गेली. निम्मं जेवण तसंच होतं.
स्वतःवर खूश आहे. नियम घरात मुरला.

३० मार्च
संकल्प: फिरायला जाणे. बूट सापडले नाहीत.
हिने पुन्हा विचारलं, अर्जाची मुदत परवा संपते, तुला खरंच काय वाटतं? मी म्हटलं, हो, आणि तिकडे घर जरा मोठं बघ. ही म्हणाली, मोठं कशाला? भर घालायच्या भरात बोलून गेलो होतो.

१९ एप्रिल
तिला जागा मिळाली. जूनपासून हजर व्हायचं. पेढे... नाही, काही आणलं नाही. आणायला हवं होतं. ध्यानात आलं तेव्हा दुकानं बंद झाली होती.
छोटीने विचारलं, बाबा, तू येणार ना? मी म्हटलं, हो, आणि तुला सायकल घेऊ. तिने विचारलं, कधी? सायकलबद्दल की माझ्याबद्दल ते कळलं नाही, म्हणून लवकरच असं सांगितलं.

४ मे
सांगता चिमटा बाजारात! डबा छान झालाय. डब्यावर हसणारी बाई आहे. सेल्सवाला पंधरा दुकानांत ठेवून आला. पैसे नंतर, विकला गेला तर, अशा बोलीवर. म्हणजे दुकानदारांचा विश्वास आहे.

१७ मे
खोकी बांधणं चालू आहे. ही एकेक वस्तू हातात धरून विचारते, हे नेऊ? मी हो म्हणतो. कुकर, हो. टेबल लॅम्प, हो. लग्नातला फोटो भिंतीवरून काढून तिने विचारलं, हा? मी म्हटलं, हो, आणि खिळाही ने. विनोद होता. तिने फोटो परत लावला. वाकडा लागला. तिने सरळ केला नाही, मीही नाही.

३१ मे
तिने आज तिसऱ्यांदा विचारलं. खोक्यावर बसून. म्हणाली, अजून फोन करून नाही म्हणता येईल, जागा दुसऱ्याला देतील, मला वाईट वाटणार नाही. तू फक्त बोल.
तिच्या आवाजात थोडी शंका होती. शंका हीच नकाराची धाकटी बहीण. मी तिचा खांदा थोपटला आणि म्हटलं, हो, आणि तू तिथे नाव काढशील.
ती म्हणाली, बरं.

१ जून, सकाळ
टेम्पो वेळेवर आला. ही दारात थांबली. चप्पल घातली, पट्टा काढला, परत लावला. म्हणाली, काही म्हणायचंय? मी म्हटलं, हो, आणि पोचल्यावर फोन कर. छोटीने माझ्या पाठीवर हात ठेवला, मोठ्या माणसासारखा, आणि टेम्पोत जाऊन बसली.
घर मोकळं झालं. विचार करायला भरपूर जागा.

१ जून, दुपार
काही सुचलं नाही.

१ जून, संध्याकाळ
तीन ताटं घेतली. दोन परत ठेवली. काही वाटलं नाही. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

९ जून
चिमट्यांबद्दल प्रतिक्रिया यायला लागल्या. रंग कपड्याला लागतो. मालकांच्या घरूनही प्रतिक्रिया आली. ती अंगावर घालूनच मालक आले. पांढऱ्या शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन निळे ठिपके. फौजदार दिसत होते. बोललेही तसेच.
सगळा माल परत येतोय. या वेळी मात्र अचूक पत्त्यावर.

११ जून
चूक पद्धतीत आहे हे उघड आहे. म्हणून शिबिराच्या सरांना फोन करून फैलावर घेतलं. तुमच्या नियमाने आमचं वाटोळं झालं. त्यांनी विचारलं, छाननीत काय निघालं होतं? मी विचारलं, कसली छाननी? सर म्हणाले, अहो, ‘नाही म्हणायचं नाही’ हा नियम पहिल्या अर्ध्या तासापुरता. कल्पना गोळा होईपर्यंत. मग सगळ्यांनी तिच्यावर तुटून पडायचं, जेवढे नकार काढता येतील तेवढे काढायचे, आणि त्यातून जी तगेल तीच पुढे न्यायची. त्याशिवाय कुठलीच कल्पना उभी राहत नाही.
मी विचारलं, हे कधी सांगितलंत?
म्हणाले, दुपारी.
म्हणजे निम्मा अभ्यासक्रम माझा पक्का होता.

१२ जून
फळा पुसायला घेतला. फेब्रुवारीतल्या तीन ओळी तशाच आहेत. रंग उतरतो. डझनाच्या भावात एक. दारात उभा करणार नाहीत. शहाण्यांनी सगळं सांगितलं होतं. पुढे ‘हो, आणि’ लावून सांगितलं होतं, मीच लावायला लावलं होतं. बसून राहिलो. पुसायचा राहिला.
मग ही काय काय म्हणाली होती ते आठवायला लागलो आणि थांबलो.

१८ जून
विभाग बंद करण्यासाठी मीटिंग. मालकांनी विचारलं, बंद करायचा ना? मोल्डिंगचा हेड: हो. सेल्सवाला: हो. अकाउंट्सच्या बाई: हो, आणि त्या खोलीत पोती ठेवू. हात वर करा म्हणाले तेव्हा माझाही गेला. एकमताने मंजूर.
उद्यापासून पॅकिंगमध्ये. तिथे पत्ते लिहायचे नसतात.

२१ जून, संध्याकाळ ७
हिला फोन लावला. आधी इकडचं तिकडचं. लॅबमध्ये माणसं कमी, काम ढीगभर, पण बरं चाललंय. छोटीला शेजारीच मैत्रीण मिळाली. मी म्हटलं, माझं दुपारचं सत्र राहून गेलं होतं. तिला काही उमगलं नसावं. ती हं म्हणाली.
मग बोललो. जाऊ नकोस, म्हटलं. नाही, मला हे चालणार नाही. तू तिकडे, छोटी तिकडे, मी इथे, हे मला अजिबात नको आहे. कधीच नको होतं. आवाज फाटला. छातीत ते जुनं आवळणं आलं, दुप्पट आलं. लाजबीज सगळी गेली. जाऊ नकोस, पुन्हा म्हटलं.
ती म्हणाली, अरे, आम्ही येऊन तीन आठवडे झाले.
म्हणाली, एवढंच ऐकायला मार्चपासून बसले होते. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. साधं म्हणाली.
मी विचारलं, मग मीच येऊ का तिकडे? ती म्हणाली, नाही, आत्ता नको. कारणं सांगितली. एकेक करून खोडायला गेलो, एकही खोडता आलं नाही.
मागे छोटी अभ्यासातलं काहीतरी विचारत होती. ठेवते आता, ही म्हणाली.
मी हो म्हटलं.