मी गोड होत चालल्याबद्दल वन्संना तातडीचं पत्र

मंगळवार, दिनांक ११ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

तीर्थरूप वन्संना साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, तुमचा मोतीबिंदू आणि तुमचा जावई, तिघंही आपापल्या जागी शांत असतील अशी आशा करते. वर लिहिलेली तारीख पत्राची नाही, गुन्ह्याची आहे. वेळ मी घड्याळात बघून टिपून ठेवली (चौतीस वर्षं वॉर्डात माणसं गेल्याची वेळ लिहिली, तो हात चुकत नाही). त्या वेळी मी वरच्या मजल्यावरच्या बाईच्या दारात उभी होते. ती रोज कुंड्यांना पाणी घालते आणि ते मातीसकट माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर उतरतं. तिची हजेरी घ्यायला मी चार वाक्यं मनात घोटून गेले होते, चारही धारदार. तिने दार उघडलं, “अय्या, मावशी! तुम्ही कशाला चढलात हो जिना?” म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघालं, “किती छान आहेत हो तुमची झाडं.”

वन्सं, मी खाली येऊन पलंगावर बसले आणि स्वतःची नाडी मोजली. एकशे बारा.

हे कसं झालं ते सांगते. निवृत्तीनंतर हॉस्पिटलचं क्वार्टर सोडून मी या इमारतीत आले त्याच आठवड्यात माझ्या घशातली गाठ काढली, हे तुम्हाला ठाऊक आहे. काढणारा डॉक्टर एके काळी माझ्या वॉर्डात शिकाऊ होता. हात न धुता ड्रेसिंगला आला म्हणून मी त्याला सगळ्या पेशंटांसमोर परत पाठवलं होतं. “मेट्रन, एकवीस दिवस एक अक्षरही बोलायचं नाही,” असं तो ज्या चवीने म्हणाला, ती चव मला आजही आठवते. मी बोलले नाही. शेजारी ओळख करून घ्यायला आले, मी मान हलवली. कोणी सासूचं गाऱ्हाणं सांगितलं, मी मान हलवली. (नकारार्थीसुद्धा हलवून पाहिली. तीही त्यांना सहानुभूतीच वाटली.) एकविसाव्या दिवशी जिन्यात माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं: “खालच्या मावशी म्हणजे नुसती साखर! कधी कुणाला तोडून बोलायच्या नाहीत.”

बाविसाव्या दिवशी आवाज परत आला. मी मात्र आले नाही. आवाज आल्या दिवसापासून समोरचा माणूस चेहऱ्यावर विश्वास घेऊन उभा राहतो, आणि त्या विश्वासाला साजेसं काहीतरी माझ्या तोंडून बाहेर पडतं. “असू दे हो.” “चालायचंच.” परवा मी एका बाईला “बाळ” म्हणाले. ती चव्वेचाळीस वर्षांची आहे.

आता नोटीस लागली आहे. माझी पुढची खोली, जिथे माझी खुर्ची, माझा रेडिओ आणि माझं एकटं बसणं असतं, ती एक एप्रिलपासून रोज चार ते सहा इमारतीतल्या मुलांना खेळायला द्यायची. रविवारी, तेवीस तारखेला, अकराच्या सभेत मंजुरी. सेक्रेटरी विचारायला आलासुद्धा नाही. जिन्यात भेटला आणि म्हणाला, “मावशी थोड्याच नाही म्हणणार!” मी हसले. वन्सं, मी दात दाखवून हसले.

त्या दिवशी मी न्हाणीघरात कडी लावून सराव केला. बादलीला सुनावलं. शब्द जुनेच होते, आवाजही होता, पण बादली घाबरली नाही. मी आजवर समजत होते की माझा दरारा माझ्या पोटात आहे. तो तर त्या साठ नर्सांच्या पाठीत होता! मी वॉर्डाच्या दारात आले की त्या ताठ व्हायच्या, आणि त्यांना ताठ झालेलं बघून मी मेट्रन व्हायची. पाठी तिकडे राहिल्या. इकडे मी काय घेऊन आले, चादरी?

याहून वाईट विचार पुढे आला. कॉन्व्हेंटमध्ये मी पहिली दोन वर्षं बाकाखाली बसून रडत असे. मग सिस्टरने मला मॉनिटर केलं, हातात पट्टी दिली, मुली घाबरल्या आणि मी रडायची थांबले. म्हणजे ती तिखट मीसुद्धा कोणीतरी मला दिलेली. मग मूळची कोण? ती बाकाखालची तर नाही? साठी उलटल्यावर मला तिच्याबरोबर एका घरात राहायचं नाही.

बाकी क्षेम.

तुमची भावजय

ता. क. खरं काम असं. तुमच्या भावाच्या मागे मला मूळ स्वरूपात ओळखणारं माणूस एक तुम्हीच उरलात. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, “ही बोलते की इंजेक्शन देते?” तरी मला एक भांडणाचं पत्र लिहा. माझी आमटी, माझा हेका, तुमच्या आईला मी दिलेली उत्तरं, काहीही चालेल. काही गाळू नका. सभेला जाण्यापूर्वी मी ते दोनदा वाचीन.

ता. क. २. फोन करू नका. गेल्या वेळी फोनवर तुम्ही “जप गं स्वतःला” म्हणालात. एकेचाळीस वर्षांत असं कधी बोलला नव्हतात, मला रात्रभर धडकी भरली होती. तुमच्याकडे कोणी नवे शेजारी तर आले नाहीत ना? तुम्हीही गोड झाला असाल तर मला स्पष्ट कळवा, म्हणजे मी कोणाच्या भरवशावर राहणार नाही. लेखी उत्तर शनिवारी, बावीस तारखेला, दुपारच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं, तर रविवारी अकरा वाजता मी हो म्हणेन.